मागच्या काचेवरचं नाव

४ फेब्रुवारी

भोंग्या,

आशीर्वाद घे आणि आधी बसून घे, पत्र लांब आहे.

मागच्या वेळी आपण दोघं फोनवर असे भांडलो की आईने माझ्या हातातून फोन ओढला आणि पिठाच्या डब्यात टाकला. तेव्हापासून तिचा हुकूम आहे, बहीणभावाने पत्रंच लिहायची. म्हणते, "लिहिताना निदान पेन तरी दम खातं, तुमच्या जिभा खात नाहीत." वर अशी अट की तुझं आलेलं आणि माझं जाणारं, दोन्ही तिला मोठ्याने वाचून दाखवायचं. मी चौथीत शाळा सोडली ते बरं केलं म्हणायची, आता मलाच मास्तरीण करून ठेवलंय.

तर तुझी गाडी आली. काल सकाळी आमच्या शोरूमला मोठ्या ट्रेलरवरून उतरवली. राखाडी रंग चांगला दिसतो. मी म्हणत होते पांढरी घे, पण तू म्हणालास पांढऱ्या गाड्या मालकांच्या असतात, आम्हा ड्रायव्हरांच्या नाहीत. असू देत बाबा. गाडी मीच तयार करणार, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. आमचं काम तुला माहीत नसेल. सीटवरचं प्लास्टिक काढायचं, आतून-बाहेरून पुसायचं, मागच्या काचेवर साबणाचं पाणी मारून शोरूमच्या नावाचा लाल स्टिकर बसवायचा, रबरी पट्टीने खालचे फुगे बाहेर काढायचे. मग नंबरप्लेटभोवती फ्रेम, तिच्यावरही शोरूमचं नाव. साहेब म्हणतो प्रत्येक गाडी म्हणजे आपली फिरती पाटी, तीही फुकटातली. मी लावलेल्या स्टिकरमध्ये एक फुगा दाखवून दे, नाव बदलून ठेवीन.

आई आता आत गेलीय तोवर लिहिते, हे तिला वाचून दाखवणार नाही. ती विसरायला लागलीय. परवा मला विचारलं, "बाई, तुम्ही इथेच राहता का?" डॉक्टर म्हणाला, इथून पुढे उतारच आहे. पण तुझ्या गाडीचं रोज विचारते. माझ्या मुलाने स्वतःची गाडी घेतली, हे दूधवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. तेवढं तिच्या डोक्यात आहे तोवर ये आणि तिला तुझ्या गाडीत बसव. बाकी मला काही नको.

आली परत. शेजारी बसून माझ्या पेनाकडे बघतेय. अजून एक विचारायचंय. मागच्या काचेवरच्या नावाचं काय? कोणाचं ते लिहीत नाही, तुला कळलंच असेल. हो की नाही एवढं कळव.

तुझी ताई


१० फेब्रुवारी

ताईस,

नमस्कार. पाया पडलो असं समज, तसे तू पाय पुढे करतेस कुठे.

पत्र दोनदा वाचलं. गाडी आली हे वाचून हातातला चहा थंड झाला. मालकांना सत्तावीस तारखेची सुट्टी मागितली, आढेवेढे घेत दिली. सकाळी शोरूमला येतो, तिथून सरळ घरी. आईला पुढच्या सीटवर बसवायचं आणि नदीच्या रस्त्याने फिरवून आणायचं, हे गाडी ठरवायच्या आधीच ठरवलं होतं. तिला सांग, पट्टा लावावा लागतो, कुरकुर चालणार नाही.

नावाचं विचारलंस ते बरं केलंस. ते नाव माझ्या गाडीवर नको. ताई, मिसरूड फुटल्यापासून मी कोणाच्या ना कोणाच्या नावाखालीच चालत आलोय. माझं नाव कोणी घेतलंच नाही, अमक्याचा नाहीतर तमकीचा, एवढीच माझी ओळख. ही एक वस्तू माझी आहे, तिच्यावर कोणाचा शिक्का नको. तुझा त्या नावावर जीव आहे, तुला राग येईल, मला ठाऊक आहे. पण मला आता त्यातून सुटू दे. काच कोरी ठेव.

आईची काळजी वाटते. ती विसरते म्हणजे मलाही विसरेल का? हे वाचून दाखवू नकोस.

तुझा
भोंग्या


१५ फेब्रुवारी

भोंग्या,

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं, नावाचा भाग गाळून. का गाळला ते तुझं तुला कळत असेल तर बरं.

नको म्हणालास, नको तर नको. मी कोणाची मनधरणी करत नाही, तुझी तर नाहीच. बाकी सगळं नेहमीसारखं तयार ठेवते. सत्तावीसला ये आणि घेऊन जा.

पट्ट्याचं आईला सांगितलं. म्हणाली, "बांधून ठेवा, पण न्या."

ताई


३ मार्च

ताई,

काय मिळवलंस?

तुझ्या त्या साहेबाने गाडीवरचं कापड ओढलं, टाळ्या वाजवल्या, माझ्या हातात पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली देऊन फोटो काढला. मी हौसेने मागे जाऊन बघतो तर काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शोरूमचं लाल नाव. प्लेटभोवती फ्रेम, तिच्यावर तेच. म्हटलं स्क्रू काढू, तर स्क्रू नाहीतच, चारी कोपऱ्यांत कापल्याशिवाय न निघणारे रिव्हेट ठोकलेत. इतरांना स्क्रू आणि सख्ख्या भावाला रिव्हेट! मी चार लोकांसमोर तुला विचारलं, हे काय? तर ओल्या हाताने फडकं पिळत म्हणालीस, "तू याच लायकीचा आहेस."

मी तुला लेखी कळवलं होतं. नको म्हणालो ते तू मुद्दाम केलंस. माझं काय चुकलं होतं ते तरी सांग. जन्मभर ज्याच्या-त्याच्या गाड्या पुसल्या, एक आपली घेतली तर तिच्यावरही कंपनीची पाटी! दोन नाक्यांवर पोलिसांनी मला त्या नावाने हाक मारली, "ए अमक्या मोटर्स, गाडी बाजूला घे." हस आता.

घरी यायचंच होतं. गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. पण त्या नावाची गाडी घेऊन आईच्या दारात उभा राहणार नाही. मुलाची गाडी म्हणून सगळीकडे सांगत सुटलेली ती, तिला दुसऱ्याचं नाव लावलेली गाडी दाखवू? आधी हे सगळं काढतो, मग येतो. काचेला ब्लेड लावलं तर ओरखडे उठले. अर्धं नाव निघालं, अर्धं हटत नाही. फुगा दाखव म्हणालीस ना, खरंच नव्हता एकही.

आईला सांग, काम निघालं.

भोंग्या


२४ मार्च

भोंग्या,

तुझं पत्र आलं तेव्हा चुलीत घालणार होते. मग ठेवलं. तुझा नंबर मात्र बंद करून टाकलाय, फोन करायची तसदी घेऊ नकोस.

त्या दिवशी आई अंघोळ करून, चांगले कपडे घालून उंबऱ्यावर बसली होती. मी कामावरून आले तेव्हाही तिथेच. जेवली नव्हती. म्हणाली, "गाडीत पोट भरलेलं असलं की मळमळतं." मी सांगितलं काम निघालं. ती म्हणाली, "निघणारच. मालक सोडतात का?" आणि कपडे बदलून घडी घालून ठेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काढून घातले. असं आठवडाभर चाललं. शेवटी मी ते वरच्या फळीवर लपवून ठेवले.

तुझं पत्र तिला कसं वाचून दाखवू? म्हणून मीच एक मनाने बनवलं आणि कोऱ्या कागदाकडे बघत वाचलं. त्यात तू फार गोड बोलतोस. ऐकून आई म्हणाली, "हा भोंग्या नव्हे. कोणाकडून तरी लिहून घेतलंय मेल्याने." पुढच्या पत्रात तुला चार शिव्या द्यायला लावल्या, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला.

आता तुझं काय चुकलं ते ऐक. मी नाक्यावरच्या पाटीवाल्याकडून आईचं नाव कापून आणलं होतं, पांढऱ्या अक्षरांत. कागदावरचं नाव नव्हे, ते कोणाला माहीत आहे? सगळा मोहल्ला तिला ज्या नावाने ओळखतो ते. इस्त्रीवाली. आपण दोघं ज्या इस्त्रीच्या टेबलाखाली झोपून मोठे झालो त्या टेबलाचं नाव. आईला आधी कळू नये म्हणून नाव न लिहिता तुला हो की नाही विचारलं. तर तू काय लिहिलंस? ते नाव नको. तमकीचा म्हणवून घ्यायचं नाही. त्यातून सुटू दे. अरे, तू काय कोणा राजाच्या पोटी जन्माला आला होतास? बोटं भाजून घेऊन तिने तुला गाडी शिकायला पाठवलं आणि तुला तिचा शिक्का नको? मी ते फाडून टाकलं. म्हटलं, आईचं नाव जड होतं ना, तर लोकांचं वागव. हो, रिव्हेट मीच ठोकले. मुद्दाम ठोकले.

पण तुझा राग माझ्यावर आहे, तिने काय घोडं मारलंय? गाडीचं विचारणं कमी झालंय तिचं. आधी रोज विचारायची, आता मधूनच कधीतरी. हे वाचलंस की निघ. मी समोर येणार नाही, तुम्ही दोघं जाऊन या.

ताई


२६ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आज वाचलं. आज! मालक मार्चच्या मध्याला सहकुटुंब दौऱ्यावर निघाले ते थेट काल परत आले, मी त्यांच्याबरोबर गावोगाव. बायको माहेरी होती. पत्र दाराखाली पडून होतं, त्यावर माझ्याच बुटाचा ठसा आहे. काल घरात शिरताना त्याच्यावर पाय देऊन गेलो असणार. तुला फोन लावला, लागत नाही. शेजारणीचा नंबर माझ्याकडे नाही.

ताई, मी शोरूमचं नाव म्हणत होतो.

तू पत्रात आधी काय लिहिलं होतंस? स्टिकर, शोरूमचं नाव, फ्रेमवर शोरूमचं नाव. आणि खाली विचारलंस, काचेवरच्या नावाचं काय. मला दुसरं काय कळणार? कोणाचं ते लिहीत नाही म्हणालीस, मला वाटलं तुझ्या साहेबाच्या भीतीने लिहीत नसशील. मी आईचं नाव नको म्हणेन? मला पहिली नोकरी कशी लागली आठवतं? त्या म्हाताऱ्या वकिलाने विचारलं, तू इस्त्रीवालीचा का? मग कपडे तरी स्वच्छ घालशील. लगेच ठेवून घेतलं. तेव्हापासून आजवर मी चुरगळलेला शर्ट घालून स्टेअरिंगला हात लावलेला नाही.

आणि गल्लीच्या तोंडापासून परत फिरलो मी. कशासाठी, तर एका स्टिकरसाठी. तिला तर वाचताही येत नाही.

सुट्टी नाही मिळाली तर नोकरी सोडून येतो. पाच तारखेला सकाळी दारात असेन. फ्रेम आहे तशी आहे, नाव अर्धं आहे. काढत बसत नाही आता.

भोंग्या


३० एप्रिल

भोंग्या,

तुझं पत्र वाचून मी शोरूमच्या मागे, गाड्या धुतात तिथे जाऊन बसले. नळ चालूच राहिला, साहेब ओरडला, मला ऐकूच आलं नाही.

विचारायला काय जात होतं माझं? एक ओळ लिहायची, कोणाचं नाव नको म्हणतोस रे? पण नाही. मला वाटलं, मला कळलं. मला सगळं लगेच कळतं ना. आईने पत्रं लिहायला लावली ती आपल्याला थांबता यावं म्हणून. पेन थांबलं, मी थांबले नाही.

तू तिचाच मुलगा आहेस हे मला माहीत असायला हवं होतं. ते मी कसं विसरले? विसरायचा आजार तिला आहे, मला नाही.

आता मन घट्ट करून ये. गेले काही दिवस तिने तुझं नाव काढलेलं नाही. मला बाई म्हणते, कधी वहिनी म्हणते. रिकाम्या टेबलावर हात फिरवते, इस्त्री फिरवल्यासारखा. मी तुझी जुनी पत्रं काढून वाचते, खरी, शिव्यांसकट. ती ऐकते आणि म्हणते, "चांगला मुलगा दिसतो. कोणाचा?"

तरी ये. चांगले कपडे फळीवरून खाली काढून ठेवलेत.

ताई


९ मे

ताई,

तू दारातूनच आत वळलीस, म्हणालीस तुम्ही दोघं जा. म्हणून गाडीत काय झालं ते तुला माहीत नाही. तिला परत सोडलं तेव्हा तू विचारलं नाहीस आणि मी लगेच निघालो. तोंडाने सांगता आलं नसतं.

मी पुढचं दार उघडून धरलं. ती गाडीला वळसा घालून मागे गेली. त्या अर्ध्या लाल नावावर बोट फिरवलं, मग मागचं दार उघडून आत बसली. मी म्हटलं, "आई, पुढे बस." ती म्हणाली, "नको बाबा, ड्रायव्हरच्या शेजारी बसलेलं बरं दिसत नाही." सीट मळू नये म्हणून रुमाल अंथरला आणि त्याच्या कडेला अंग चोरून बसली. मी वळून पट्टा लावून दिला. म्हणाली, "हात स्वच्छ आहेत तुझे."

नदीच्या रस्त्याला लागलो तेव्हा विचारलं, "मालक कुठे गेलेत?"

मी म्हटलं, "आई, गाडी माझीच आहे. मीच मालक."

ती हसली. मग एकदम गंभीर झाली. "असं बोलू नये रे. मागे नाव लिहिलंय त्यांचं, मी बघितलं. कोणी ऐकलं तर नोकरी जाईल तुझी."

मी नाव सांगितलं. भोंग्या म्हटलं. तुझं नाव घेतलं, टेबलाचं सांगितलं. ती घाबरायला लागली. दाराची कडी चाचपायला लागली. म्हणून मग ते सोडून म्हटलं, मालकांची परवानगी आहे. तेव्हा कुठे मागे टेकली.

नदी बघितली तिने. काच खाली करून दे म्हणाली, वारा लागू दे. परत येताना बोलायला लागली, जशी कोणत्याही ड्रायव्हरशी बोलावी तशी. "माझा मुलगापण गाडी घेतोय. राखाडी. तोही तुझ्यासारखाच गाडी चालवतो. वेळ नसतो त्याला, पण येणार आहे. मला पुढच्या सीटवर बसवणार आहे."

मी आरशात बघत होतो. ती बाहेर बघत होती.

मी म्हटलं, "कसा आहे मुलगा?"

तेवढ्यात आपली गल्ली आली आणि तिने तुला दारात बघितलं. उतरताना मला म्हणाली, "सावकाश जा हो."

दोन महिने आधी आलो असतो तर ती पुढे बसली असती, ताई. माझ्या शेजारी.

भोंग्या


१४ मे

भोंग्या,

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं नाही. स्वतःलाही एकाच वेळी सगळं वाचता आलं नाही.

तू गेल्यावर मी विचारलं, कसं झालं फिरणं? म्हणाली, "गाडी छान होती. ड्रायव्हर भला माणूस. पण उपाशी वाटला, डोळे पाण्याने भरलेले होते. त्याला काही खायला तरी विचारलं का ग कोणी?" मी म्हटलं नाही विचारलं. त्यावरून मला संध्याकाळपर्यंत बोलणी खावी लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, "तो परत कधी येणार?" मला वाटलं तुझं विचारतेय. मी म्हटलं, भोंग्या? ती म्हणाली, "नाही ग, तो ड्रायव्हर."

इकडे शोरूमला मी आता गाडी धुऊन झाली की गिऱ्हाइकाला विचारते, मागे आमचं नाव लावू की नको? कोणी दचकतात, कोणी म्हणतात लावा, काय फरक पडतो. साहेबाने बोलावून घेतलं. म्हणाला, बाई, हे विचारायचं नसतं, लावून मोकळं व्हायचं असतं. मी म्हटलं, साहेब, इतकी वर्षं तसंच केलं मी. एका बाईने तर नको म्हणून सांगितलं, का ते सांगितलं नाही. मी तिला खोदून खोदून विचारलं. शेवटी ती चिडली. चिडू दे.

तुझ्या गाडीची फ्रेम मी काढून देईन, रिव्हेट कापायचं यंत्र आहे आमच्याकडे. पण आता नको. नाव अर्धं का होईना, राहू दे. आईचा त्याच्यावर भरवसा बसलाय. नाव आहे म्हणजे गाडीला धनी आहे आणि धन्याने पाठवली म्हणजे बसायला हरकत नाही, असा तिचा हिशोब आहे. तू आपला मोठेपणा सांगत राहिलास तर ती पुन्हा दाराची कडी शोधेल.

म्हणून सांगते, रविवारी ये. मालक म्हणून येणार असशील तर येऊ नकोस, त्याला ती ओळखत नाही. ड्रायव्हर म्हणून ये. इस्त्रीचा शर्ट घाल. मी तिला सांगून ठेवते की मालकांनी गाडी पाठवलीय. आधी जेवायचं, नाही म्हणायचं नाही, तिने तुझं ताट ठरवून ठेवलंय. मग तिला मागे बसव आणि नदीकडे ने.

आणि ती मुलाचं बोलायला लागली की आरशात बघत बसू नकोस, मध्ये तोंडही घालू नकोस. मला ती त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही. तुला सांगते. ऐकून घे.

ताई